मशेरी सोडा म्हणायला पीएचडी लागते का?

कर्नाटकाच्या सीमेवरच्या, तंबाखूच्या व्यापाराच्या निपाणीत आणि आसपासच्या गावांत गेल्या चार वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा आहे: "तंबाखू वाईट हे शेंबडे पोरही सांगेल, त्यासाठी पीएचडी कशाला?" विचारणाऱ्यांत नातेवाईक आहेत, कोल्हापूरच्या बसमध्ये शेजारी बसलेले प्रवासी आहेत, एक दंतवैद्यही आहेत. "डॉक्टर झाल्यावर दवाखाना कुठे काढणार?" हा त्याचाच धाकटा भाऊ. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: मी सार्वजनिक आरोग्यातील सामाजिक आणि वर्तनशास्त्रांत संशोधन करते, औषध लिहून देण्याचा अधिकार मला आज नाही आणि प्रबंध मान्य झाल्यावरही नसेल. थोरल्या प्रश्नाला मात्र सवडीने उत्तर द्यायला हवे.

या विद्याशाखेचा एक मोठा भाग अशाच एका प्रश्नातून उभा राहिला. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोग वेळीच ओळखता यावा म्हणून छातीच्या एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांमध्ये नेऊन उभ्या केल्या. तपासणी फुकट होती, गाडी दाराशी होती, तरीही पुष्कळ लोक तिकडे फिरकले नाहीत. ते का आले नाहीत, याचा शोध गॉडफ्रे हॉचबॉम, अर्विन रोझेनस्टॉक आदी सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी घेतला आणि त्यातून 'हेल्थ बिलीफ मॉडेल' तयार झाले. आपल्याला तो रोग होईल असे माणसाला कितपत वाटते, झाला तर तो किती गंभीर असेल असे वाटते, आणि उपायाचा लाभ व त्यातल्या अडचणी यांचा हिशेब तो कसा घालतो, हे त्यात पाहिले जाते. मला हे प्रतिमान उपयोगी वाटते आणि तोकडेही वाटते, कारण त्यातला माणूस एकटाच हिशेब करत बसलेला असतो. त्याच्या घरात सासू नसते आणि कामावर मुकादम नसतो.

माझा विषय तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांमधील मशेरी हा आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळाकुट्ट होईपर्यंत भाजायचा, हाताने चुरायचा, डबीत भरायचा, आणि बोटावर घेऊन दातांना व हिरड्यांना लावायचा. पहाटे शेजारच्या घरात तो तवा तापला की भिंतीपलीकडे झोपलेल्यांना ठसका लागतो. माझे लहानपण त्या ठसक्यानेच जागे होण्यात गेले. मशेरी घातक आहे हे मला सिद्ध करायचे नाही, ते झालेले आहे. मुंबईतील 1217 गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू, तोही मुख्यतः मशेरीच्या रूपात, वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमनी कमी भरले होते.

मग माझे काम काय, हे मला माझ्याच चुकीने शिकवले. चाचणीच्या पहिल्या फेरीत माझ्या प्रश्नावलीत असा प्रश्न होता: "आपण धूरविरहित तंबाखूचे सेवन करता का?" साठीच्या एका मावशींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "न्हाई हो बाई, मी तंबाकू खात न्हाई." मी 'नाही'वर खूण केली. पुढचे पान उलटते आहे तोच त्या उठल्या. "जरा बसा, मशेरी लावतो आन् आलो." (आमच्याकडच्या कित्येक बायका स्वतःविषयीही 'जातो, येतो' असेच बोलतात.) त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या तर्जनीचे टोक काळे होते आणि माझ्या कागदावर त्या तंबाखूमुक्त होत्या. त्या दिवशी भरलेले सगळे अर्ज मला बाद करावे लागले.

गंमत अशी की प्रश्नावलीची भाषा रीतसर तपासलेली होती. मूळ इंग्रजीचे मराठी आणि कन्नड भाषांतर झाले होते, मग मूळ न पाहिलेल्या माणसांकडून ते उलट इंग्रजीत करून घेतले होते आणि दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या होत्या. 'सेवन' हा शब्द दोन्ही भाषांच्या सरकारी फलकांवर असतो, आणि भाषांतर करणारे सगळेच पदवीधर होते, अडखळणार कोण? प्रत्यक्षात आमच्या गल्लीत तंबाखूचे सेवन कोणीच करत नाही. विडी ओढतात, तंबाखू खातात, मशेरी लावतात. प्रौढांच्या तंबाखू-वापराच्या राष्ट्रीय पाहणीत प्रत्येक प्रकार वेगळा विचारतात तो याचसाठी, आणि ते वाचलेले असूनही मी घसरले. 2016–17 च्या त्या पाहणीनुसार भारतातील 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. असा आकडा समोर आला की आता मी आधी प्रश्न कोणत्या क्रियापदाने विचारला होता ते पाहते.

बाकीची पीएचडी, म्हणजे अभ्यासक्रमाचे वर्ष, संख्याशास्त्र, सहामाही अहवाल, ही इतर विषयांसारखीच आहे. वेगळे असते ते संमतीपत्र. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला तटस्थ साक्षीदार लागतो, आणि वखारीच्या बोळात मुकादम नाही, भावकीतला नाही असा माणूस शोधण्यात सकाळ जाते. त्यातून हे निपाणी आहे. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथे पुणे–बेंगळुरू महामार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. तंबाखूविषयी कागद घेऊन आलेल्या बाईला "बंद पाडायला आलाय काय?" असे विचारले जाते, आणि अंगठा उठण्याआधी त्याचे उत्तर द्यावे लागते.

त्या मावशींकडे मी पुन्हा गेले, या वेळी प्रश्नावली पिशवीत ठेवून. दाढ दुखली तेव्हा आईनेच पहिल्यांदा मशेरी लावली, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. वखारीत जाऊ लागल्यावर ती दिवसातून एकदाची चारदा झाली. सकाळी भाकरी खाऊन निघायचे ते उन्हे कलल्यावर परतायचे, आणि "मशेरीनं भूक मरती." पाकिटाच्या 85 टक्के दर्शनी भागावर रोगट तोंडाच्या चित्रासह इशारा छापण्याची सक्ती 2016 पासून आहे, पण मावशींच्या तंबाखूला पाकीटच नाही, चुरा पदराच्या गाठीतून येतो आणि तव्यावर जातो. कॅन्सर होतो हे त्यांना माहीत आहे. वखारीतली त्यांची मैत्रीण त्यानेच गेली.

"सोडली समजा," त्या म्हणाल्या, "तर अकरा वाजता पोटाला काय सांगू?"

माझ्या प्रश्नावलीत यासाठी रकाना नव्हता. आता सकाळच्या आणि दुपारच्या खाण्याच्या वेळा, कामावरची सुट्टी आणि उक्त्या कामाची मजुरी यांविषयी तीन प्रश्न वाढवले आहेत, 'सेवन' खोडले आहे, आणि दुसरी फेरी पुढच्या महिन्यात त्याच बोळातून सुरू करणार आहे.