दिव्याची मान थोडी खाली

सायकलचा दिवा घेताना दुकानात बहुतेक जण एकच परीक्षा घेतात: बटण दाबायचं आणि दिवा स्वतःच्याच डोळ्यांवर मारून बघायचा. डोळे दिपले की दिवा पास. खरं तर नेमका तोच दिवा नापास करायला हवा. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपले, की तो बिचारा पुढची दोन-तीन सेकंदं अंदाजाने गाडी हाकतो, आणि त्याच्या अंदाजात आपण रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे देवालाच ठाऊक.

खोक्यावरच्या लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाच्या, आकड्याचंही तेच. १०,००० लुमेन असं ठसठशीत छापलेलं असतं. हिशेब करून बघावा. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण १०० लुमेन उजेड देतो, म्हणजे दहा हजारांना १०० वॅट लागणार. आत असतो १८६५० नावाचा एखादा सेल, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. २६०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे साडेनऊ वॅट-तास. १०० वॅटने तो सहा मिनिटंही पुरायचा नाही, आणि तोवर दिव्याला हात लावायची सोय उरणार नाही. तोच सेल ४०० लुमेनवर दोन तास आणि २०० वर चारेक तास चालेल, एवढं खरं मानावं. पणजी-मडगावच्या खांबांच्या उजेडात १०० ते १५० लुमेन पुष्कळ झाले. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, बांधावरून किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बिनखांबाच्या रस्त्याने जायचं तर ३०० ते ४०० हवेत. त्यापुढचे पैसे हौसेचे.

त्यापेक्षा उजेड किती लांब पोचतो ते बघावं. ताशी २० किलोमीटरने जाताना सेकंदाला साडेपाच मीटर रस्ता मागे पडतो. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे आठ मीटर गेलेच. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी सहा. तेव्हा १५ मीटरांच्या आत संपणारा उजेड म्हणजे खड्ड्यात पडल्यावर खड्डा दाखवणारा उजेड. उतारावर ताशी तीसचा वेग झाला की हेच अंतर २५ मीटरांच्या पुढे जातं. दिवा तोच राहतो, म्हणून वेगच कमी करायचा.

दिव्याचा झोत टॉर्चसारखा गोल असेल तर त्यातला निम्मा माडांच्या शेंड्यांवर जातो. जर्मनीच्या नियमांत बसणारे दिवे वरून कापल्यासारखा झोत टाकतात, मोटारीच्या लो बीमसारखा. असा मिळाला तर लुमेन कमी असले तरी तोच घ्यावा. नाही मिळाला तर गोल झोताची मान तरी नीट बसवावी. भिंतीपासून ५ मीटरवर सायकल सरळ उभी करायची. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवर झोताचा मध्य ४५ सेंटिमीटरवर आणला की तो जमिनीवर १० मीटरवर टेकतो. ६७ सेंटिमीटरवर आणला, तर २० मीटरवर. बिनखांबाच्या रस्त्याला हा दुसरा कोन बरा, वस्तीत पहिला. भिंतीवर खडूने दोन रेघा मारून ठेवल्या की दर वेळी पट्टी शोधायला नको. पकड घट्ट करताना खाली जुन्या ट्यूबचा तुकडा जरूर घालावा, नाहीतर दोन स्पीडब्रेकरांत दिवा मान टाकतो आणि फक्त पुढचं चाक उजळत बसतो.

हे झालं कोरड्या रात्रीचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वेगळाच खेळ असतो. कोरडं डांबर खरबरीत असतं, पडलेला उजेड सगळीकडे उधळतं आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत परत येतो. ओलं झालं की त्याचा आरसा होतो. उजेड घसरून पुढे निघून जातो आणि आपल्यासमोर उरतो काळा पट्टा. दिवा बिघडला म्हणून लोक दुकानात येतात ते याच दिवसांत! हेल्मेटवर दिवा असेल तर आणखी पंचाईत, कारण डोळ्यांसमोरचे थेंबच उजळतात आणि पांढरा पडदा ओढल्यासारखं होतं. पावसात दिवा हँडलच्या खाली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या माथ्यावर असलेला चांगला. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर उजेड घ्यावा, कारण आपल्या रस्त्यांची कड चिऱ्याच्या तांबड्या मातीची असते. निळसर उजेडात लाल रंग मरतो आणि डांबर कुठे संपलं ते कळत नाही.

मागच्या दिव्याकडे लोक फार कंजुषीने बघतात. तिथे लुमेन थोडे लागतात, रात्री १०-२० पुरे, पण जागा अचूक लागते. पहाटे अंधारात पों-पों करत निघणाऱ्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल बघा. कॅरिअरवर पावांची भलीमोठी टोपली आणि तिच्यावर प्लॅस्टिक. सीटच्या दांड्याला दिवा लावला तर तो फक्त पावांना दिसेल. रेनकोटच्या शेपटीनेही तेच होतं. कॅरिअरच्या मागच्या दांडीला लोखंडी पट्टी मारून दिवा तिथे बसवावा, काच सरळ मागे, आभाळाकडे नाही. दिवा लुकलुकता नको, स्थिर हवा. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज मागच्याला येत नाही. दोन दिवे असतील तर एक लुकलुकता चालेल. काळ्या २२ इंची सायकलीच्या मडगार्डच्या शेपटाला पांढरा पट्टा आणि लाल रिफ्लेक्टर असतो, तो पुसून ठेवावा. पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढून टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. वर-खाली होणारे दोन पिवळे ठिपके दिसले की सायकल आहे हे मागच्याला विचार न करता कळतं, आणि त्यांना चार्जिंगही लागत नाही.

चार्जिंगचं भोक हे मात्र दिव्याचं खरं मर्मस्थान. पाणी सोसण्याच्या मापात आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. पण हे सगळं रबरी झाकण नीट बसलेलं असेल तर. तापलेला दिवा पावसाने एकदम गार झाला की आतली हवा आक्रसते आणि सैल झाकणातून पाणी आत ओढते. काचेला आतून धुकं आलं की समजावं. रायबंदरच्या कॉजवेवर एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, तिथली हवाच खारट. असं खारट पाणी आत असताना चार्जर लावला, की वीज त्या पाण्यातूनच वाहते आणि पिना खाऊन टाकते. कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकावं तसा हिरवा थर धरतो. म्हणून भिजून आल्यावर आधी दिवा पुसायचा, झाकण उघडून रात्रभर पंख्याखाली ठेवायचा आणि सकाळी चार्ज करायचा. वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा शेवटच्या क्षणावर ठेवू नये. दिवा बांधायचे रबरी पट्टे उन्हाने तडकतात, एक जास्तीचा पिशवीत असू द्यावा.

डायनामोवाले यावर हसतील. ६ व्होल्ट, ३ वॅट, त्यातले २.४ पुढे आणि ०.६ मागे, चार्जिंगची कटकट नाही. पण टायरला घासणारा बाटलीवाला डायनामो तांबड्या चिखलात घसरतो, आणि सायकल थांबली की दिवाही विझतो. चाकाच्या आतला हब डायनामो उत्तम, फक्त त्यासाठी चाक नव्याने विणून घ्यावं लागतं.

राहता राहिली गुरं. पावसात ती डांबरावर येऊन बसतात. कुत्र्याचे, गाईचे डोळे लांबूनच चमकतात, आणि दिवा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तर जास्तच, म्हणून पाऊस नसलेल्या रात्री हेल्मेटवरचा ५०-१०० लुमेनचा छोटा दिवा वळणावर फार कामाचा. पाठमोरी बसलेली म्हैस मात्र कुठल्याच दिव्यात चमकत नाही. ती दिसते तीही दहा मीटरवर, आणि घंटी वाजवून उठत नाही. वळसाच घालावा.