पंपाने हवा भरणं घरी जमतं का?

"काकू, एअर रायफलचा हवेचा सिलेंडर घरी हातपंपाने भरता येतो का हो, की कॉम्प्रेसरच घ्यावा लागतो?" शूटिंग रेंजवर नवीन येणाऱ्या मुलांचे आईवडील हे मला विचारतातच, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळाल्यापासून तर जास्तच विचारतात. (त्याची इव्हेंट ५० मीटरची, काडतुसाची, तिथे हवा भरायचा प्रश्नच नाही, पण आपल्याकडची बहुतेक पोरं सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलवरच.) तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

जमतं. आम्ही तालुक्याच्या गावात राहतो, रेंज लांब, नुसती हवा भरायला तिकडे जाणं परवडत नाही, म्हणून लेकीच्या रायफलचा सिलेंडर चार वर्षं मीच घरी भरते. माझं वजन ५८ किलो. शेवटच्या वीस-पंचवीस बारला (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) ते अख्खं टाकावं लागतं, म्हणून बारा वर्षांच्या पोराला हे काम सांगू नका, मोठ्यांनीच करायचं.

पहिली गोष्ट, सिलेंडर रिकामा होऊ द्यायचा नाही. आमचा २०० बारचा आहे, १२० वर आला की मी भरायला घेते, ऐंशी-नव्वद स्ट्रोकमध्ये काम होतं. रिकाम्यापासून भरायला बसाल तर पंप तापेल, तुम्ही दमाल आणि तो पंप महिन्याभरात कोपऱ्यात जाऊन पडेल. आणि सिलेंडरवर कोरलेली तारीख आधी बघा, वापरायची मुदत दहा वर्षांची असते, सेकंडहँड घेताना तर हे बघाच बघा, मॅचला मुदत संपलेला सिलेंडर चालत नाही.

नवीन माणूस घाबरतो तो पंपावरच्या दाबाच्या काट्याला. सुरुवातीच्या दोन-तीन स्ट्रोकमध्ये काटा झपकन १२० वर जातो, कारण तोपर्यंत नुसती नळीच भरत असते, मग आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि काटा जो हळू होतो तो इतका हळू की पंप बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो, सिलेंडर भरतोय. इथेच लोक हापशावर पाणी भरल्यासारखे भराभरा मारायला लागतात. तसं करू नका. पाय पंपाच्या पायट्यावर, हात सरळ, दांडा पूर्ण वर, एक सेकंद थांबा, मग कमरेतून वाकून वजन टाकत पूर्ण खाली आणि तळाशी परत एक-दोन सेकंद थांबा. हवा तीन टप्प्यांत दाबली जाते, एका टप्प्यातून दुसऱ्यात जायला तिला तेवढा वेळ लागतो, अर्धवट स्ट्रोक मारलात तर नुसता घाम. चाळीस स्ट्रोक झाले की पंपाच्या नळकांड्याला हात लावा, चटका बसत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, मी तेवढ्यात कुकर लावून येते. सिलेंडरही कोमट होतो, २०० ला थांबलात की थंड झाल्यावर काटा पाच-दहा बार खाली येतो, ते लीकेज नाही. पण म्हणून गरम असताना २०० च्या वरही भरायचं नाही, थंड होऊ द्या आणि मग वरचं भरा.

आता पावसाळा. सिलेंडर अंदाजे २०० मिलीचा धरला तर २०० बारला त्यात ४० लिटर हवा कोंबलेली असते, आणि आपल्याकडच्या जुलैच्या ४० लिटर दमट हवेत साधारण एक ग्रॅम पाणी असतं. यातलं थोडंथोडं पाणी जरी दर भरण्याला आत गेलं तरी सिलेंडर आणि रायफलमधला दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर आतून खराब व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पंपाला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी लावा, दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला, आणि मध्येमध्ये ब्लीड स्क्रू उघडून हवा सोडा. मी तिथे पांढरा टिश्यू धरते. फस्स होतं आणि टिश्यूवर ओला ठिपका उमटतो, तो दिसला की कळतं एवढं पाणी आत जाणार होतं. शेवटीही हाच स्क्रू आधी उघडायचा, काटा शून्यावर आला की मगच सिलेंडर सोडवायचा. पहिल्या महिन्यात मी हे विसरले, सिलेंडर जोडायचा ॲडॉप्टर हाताने फिरेना म्हणून पान्हा लावला आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) चिरली, नशीब एवढ्यावरच निभावलं.

आणि हे मात्र हात जोडून सांगते, दांडा कुरकुरतो म्हणून शिलाई मशीनचं तेल, ग्रीस, खोबरेल काही लावू नका. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, इथे दाब त्याहून कितीतरी जास्त असतो आणि तुमचं तोंड पंपाच्या वर असतं. पंपासोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही नखावर मावेल एवढंच.

एक राहिलं. सराव असेल त्याच्या आदल्या रात्री भरून ठेवा. पंप मारला की हात थरथरतात, छाती धडधडते, आणि दहा मीटरवरचा तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका तसा सापडत नाही. मुलीला सकाळी भरलेला सिलेंडर आणि शांत हात दोन्ही मिळायला हवेत, म्हणून आमच्याकडे जेवणं झाली, ओटा पुसून झाला की पंप बाहेर निघतो.