मळ्यातल्या घरासाठी रात्रीचे कॅमेरे: माझा अनुभव

आमचं घर निफाड तालुक्यात, गावापासून आत मळ्यात आहे. आई आणि अण्णा दोघंच तिथे राहतात, मी पुण्यात. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की अण्णा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला बाहेर पडतात. आजूबाजूला ऊस, आणि उसात बिबट्या. त्यात आमच्या शिवारात विहिरींवरच्या केबली कापून न्यायला सुरुवात झाली. तेव्हा कॅमेरे बसवायचेच असं घरात ठरलं. बजेट वीस हजारांच्या आत. दिवसा अंगणात कुणी ना कुणी असतंच, त्यामुळे आमची गरज होती ती फक्त रात्रीची. खरेदीची सगळी गणितं या एका गोष्टीमुळे बदलली.

दुकानात गेलं की बोलणं मेगापिक्सेलपासूनच सुरू होतं. "साहेब, दोनचा कशाला, पाच मेगापिक्सेलचाच घ्या, फरक थोडाच आहे." दिवसासाठी ते ठीक आहे. पण सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, तेवढाच ठेवून त्यावर अडीचपट पिक्सेल बसवले, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. स्वस्त गटात पाचचा कॅमेरा रात्री दोनच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त मुंग्या दाखवतो, हे मी दोन्हींचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून पाहिलं. म्हणून मी विचारायला लागलो ते सेन्सर किती मोठा आणि लेन्सचा एफ नंबर किती. हा नंबर जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ 2.0 पेक्षा एफ 1.6 ची लेन्स जवळजवळ दीडपट प्रकाश आत घेते. ही माहिती मॉडेलच्या डेटाशीटमध्ये असते. दुकानदाराकडे नसली तर कंपनीच्या साइटवर मिळते.

वायफाय कॅमेरे सुरुवातीलाच बाजूला पडले. मळ्यात नेटचा भरवसा नाही आणि फाटकापर्यंत राउटर पोचत नाही. सोलरवर चालणारे सिमचे कॅमेरे मोहात पाडतात, पण बॅटरी वाचवायला त्यातले बहुतेक झोपलेले असतात. त्यांच्यातल्या उष्णतेच्या सेन्सरला माणसाच्या अंगाची ऊब लागली की जागे होतात आणि मग रेकॉर्डिंग सुरू करतात. तोवर माणूस पाठमोरा झालेला असतो. घरासाठी मला रात्रभर सलग रेकॉर्डिंग हवं होतं, म्हणून वायरचीच सिस्टीम: चार चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र), चार बुलेट, म्हणजे नळीसारखे, कॅमेरे आणि चित्र व वीज दोन्ही नेणारी 3+1 केबल. नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर घेतले असते तर सेटिंग जास्त हातात राहिलं असतं, पण ते बजेटच्या बाहेर जात होतं.

डीव्हीआर घेताना एक गोष्ट नीट बघावी. डब्यावर "1080" दिसतं, पण त्यापुढे एन हे अक्षर असेल तर तो डीव्हीआर निम्म्याच रुंदीचं, म्हणजे साधारण 960 बाय 1080 चं चित्र साठवतो आणि दाखवताना ताणून दाखवतो. कॅमेरा पूर्ण दोन मेगापिक्सेलचा असला तरी अर्धा तपशील डिस्कवर जातच नाही. एका दुकानातून आलेल्या स्वस्त कोटेशनमध्ये नेमका हाच डीव्हीआर होता. किंमतीतला फरक हजाराच्या आतबाहेर होता, तेवढे मी वर घातले.

मग लेन्स. डब्यावर "आयआर 30 मीटर" लिहिलेलं असतं. आयआर म्हणजे इन्फ्रारेड, अंधारात कॅमेरा टाकतो तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. त्याचा अर्थ फार तर एवढाच की तिथे काहीतरी हलतंय हे कळेल. आंतरराष्ट्रीय मानकाचा हिशेब असा आहे: अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला चित्रात दर मीटरमागे 250 पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला 125, आणि कुणीतरी आहे एवढंच कळायला 25. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 1920 पिक्सेल. म्हणजे चेहरा हवा असेल तर चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा रुंद जागा येता कामा नये. 2.8 मिलिमीटरची लेन्स इतकी पसरट बघते की ही हद्द तीन-सव्वातीन मीटरवरच संपते. 6 मिलिमीटरची लेन्स तीच हद्द आठ मीटरपर्यंत नेते. आमचं फाटक ओट्यापासून पंचवीस फुटांवर आहे. म्हणून फाटकासाठी 6 ची लेन्स, आणि अंगण, गोठा, मागची बाजू यांसाठी 2.8 च्या. सगळीकडे एकच लेन्स लावायची दुकानदारांची सवय असते. आपण सांगितलं तर बदलून देतात.

सगळ्यात जास्त शिकवलं ते रात्रीच्या ट्रायलने. पिंपळगावच्या एका दुकानदाराने एक कॅमेरा आणि डीव्हीआर रात्रीपुरता घरी न्यायला दिला. हे मागायला अजिबात संकोच करू नये, कारण दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात रात्रीचं काहीच कळत नाही. अंधार पडल्यावर पुतण्याला फाटकापासून ओट्यापर्यंत नेहमीच्या चालीने यायला सांगितलं. टीव्हीवर लाइव्ह चित्र इतकं स्वच्छ की अण्णा म्हणाले, "हाच घेऊन टाक." मग मी रेकॉर्डिंग मागे नेलं आणि तो फाटकातून आत येतो तिथे थांबवलं. चेहऱ्याच्या जागी फिकट पुसट डाग. नाक कुठे, डोळे कुठे, काही कळेना. अंगातला काळा टी-शर्ट राखाडी-पांढरा दिसत होता. पुतण्या उभा राहिला त्या फ्रेममध्ये मात्र तो पटकन ओळखू येत होता.

कारण सरळ आहे. अंधारात चित्र उजळ दिसावं म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. उभी भिंत छान दिसते, चालता माणूस फासला जातो. आणि इन्फ्रारेडच्या प्रकाशात काळं कापड बहुतेक वेळा फिकट दिसतं, त्यामुळे पोलिसांना कपड्यांचा रंग सांगायला गेलो तर चुकीचाच सांगितला जाणार. चोर काही कॅमेऱ्यासमोर उभा राहत नाही. तेव्हा रात्रीचा कॅमेरा पारखायचा तो लाइव्ह बघून नाही, तर चालत्या माणसाचं रेकॉर्डिंग थांबवून.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय उजेडाचा निघाला. फाटकाच्या खांबावर नऊ वॉटचा, अंधार पडला की आपोआप लागणारा एलईडी बल्ब लावला. बारा तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिट. तेवढ्या उजेडात कॅमेरा रंगीत चित्रावर राहतो आणि शटरही लवकर मिटतं. पुतण्याला पुन्हा चालायला लावलं, रेकॉर्डिंग पुन्हा थांबवलं: चेहरा ओळखू आला, टी-शर्ट काळा दिसला. अंगणातला कॅमेरा आम्ही दुहेरी लाइटचा घेतला. एरवी तो इन्फ्रारेडवर चालतो, माणूस दिसला की स्वतःचा पांढरा दिवा लावतो. अण्णा मोटरीकडे जायला निघाले की अंगण उजळतं, हा मला त्यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

बसवताना वायरमन कॅमेरा पडवीच्या पत्र्याखाली अगदी आत लावत होता, पाऊस लागू नये म्हणून. त्याला मी वीतभर पुढे आणायला लावलं. जवळच्या पत्र्यावर आणि पांढऱ्या भिंतीवर इन्फ्रारेड आपटून परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि पुढचं सगळं अंगण काळं पडतं. घुमटासारखे डोम कॅमेरे न घेता बुलेट घेतले तेही याच कारणासाठी, कारण डोमच्या काचेवर आमच्याकडची धूळ बसली की रात्री चित्र दुधाळ होतं. उंची नऊ फूट ठेवली. त्याहून वर गेलं की टोपी आणि डोक्याचा माथाच दिसतो. कोळी मात्र कॅमेऱ्याच्या तोंडावर हमखास जाळं विणतो, आणि रात्री तो एकच धागा दोरखंडासारखा चमकतो. आई लांब दांड्याच्या झाडूने आठवड्याला ते काढते.

डीव्हीआरमधली हार्ड डिस्क सर्व्हेलन्सचीच, म्हणजे कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच घ्यावी, जुन्या कॉम्प्युटरमधली लावू नये. ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. एका कॅमेऱ्याला दोन एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) धरले तर दिवसाला साधारण 21 जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचं 1 टीबीमध्ये अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं. आम्ही रात्री सलग आणि दिवसा हालचाल झाली तरच असं लावलं, त्यामुळे वीस-एक दिवस निघतात. रात्री हालचालीवर ठेवू नये, पाखरांनीच ते सारखं चालू-बंद होतं. डीव्हीआर आणि चारही कॅमेरे मिळून तीस-पस्तीस वॉट, म्हणजे पंख्याच्या निम्मी वीज. घरच्या इन्व्हर्टरवर रात्र सहज निघते. फाटकाचा बल्बही त्याच लाइनवर घेतला. डीव्हीआर दर्शनी खोलीत न ठेवता धान्याच्या खोलीत, कुलपात ठेवला.

बाकीची कामं थोडक्यात. पहिल्या दिवशीच पासवर्ड बदलला. केंद्राने एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे, म्हणून डब्यावरचा बीआयएस नोंदणी क्रमांक आणि बिलावरचा मॉडेल नंबर जुळवून घेतला. डीव्हीआरची वेळ मोबाइलशी मिळवली. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आणि घड्याळच चुकीचं असेल तर तिथे अडचण येते. शेजारच्या काकूंचं अंगण चित्रात येत होतं, तेवढा भाग डीव्हीआरमध्ये झाकून टाकला आणि त्यांना टीव्हीवर दाखवला.

सगळं मिळून बजेटमध्ये बसलं. राहिली ती विहीर. घरापासून ती लांब आहे, तिथपर्यंत वायर ओढण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे सिमचा सोलर कॅमेराच लागेल. तो जागा व्हायला किती वेळ घेतो हे मोजल्याशिवाय घेणार नाही. पिंपळगावच्या त्याच दुकानदाराने एका रात्रीपुरता द्यायचं कबूल केलं आहे.