गोव्याच्या उकाड्यात लोकरीचा स्टोल

‘गोंयांत लोंकर कोण घालता गे?’ शेजारच्या काकींचा प्रश्न रास्त होता. फोंड्याच्या दमट हवेत लोकर नुसती हातात धरली तरी घाम फुटतो. मला वाट सापडली ती नूनो फेल्टिंगमध्ये. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात पॉली स्टर्लिंग यांनी रुजवलेली ही पद्धत. पातळ रेशमावर लोकरीचे विरळ तंतू पसरायचे आणि साबणपाण्यात चोळून ते कापडात घुसवायचे. सुई नाही, माग नाही. आपली लोकरीची जाड जेनसुद्धा न विणताच होते, पण ती अंथरायची; मला गळ्यात घालायचं होतं.

खरी मेख कापडात आहे. ‘शिफॉन’ मागितलं की दुकानात बहुतेक वेळा पॉलिएस्टरच पुढे येतं. मला अस्सल रेशीम हवं होतं, तेही झिरझिरीत. मी कापड तोंडाशी धरून फुंकर मारायचे. वारा सहज पलीकडे गेला तर तंतूही जाणार. दुकानदार विचित्र बघतात, बघू देत. दोन मीटर रेशमाला ५०-६० ग्रॅम मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, पुरते. मशीनमध्ये धुता येणारी ‘सुपरवॉश’ लोकर मात्र मुळीच घेऊ नये. तिच्या तंतूंवरचे खवले निकामी केलेले असतात, आणि इथे सगळी करामत त्या खवल्यांचीच.

शिकले ते साळगावच्या एका ताईंच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), भर मे महिन्यात, पंखा बंद ठेवून! वाऱ्याने तंतू उडतात ना. थर इतका विरळ हवा की खालचं रेशीम दिसलं पाहिजे. माझा हात सारखा जास्त लोकर घालायला बघायचा आणि ताई शांतपणे ती उचलून घ्यायच्या.

पाणी सुरुवातीला कोमटच. गरम ओतलं तर तंतू रेशमात शिरण्याआधी एकमेकांतच गुंततात आणि लोकर वरच्यावर राहते. म्हणून आधी तळव्याने हलकं दाबायचं, मग खाली अंथरलेल्या बबल रॅपसकट पाइपावर गुंडाळून लाटत राहायचं, खांदे भरून येईपर्यंत. उलट्या बाजूला बारीक लव दिसली की काम जमलं. मग गरम पाणी आणि टेबलावर आपटणं, हा सगळ्यात मजेचा भाग. लोकर आटते, रेशीम आटत नाही, म्हणून त्याला सुंदर चुण्या पडतात.

शेवटच्या पाण्यात चमचाभर माडाचा व्हिनेगर, साबणाचा क्षार मारायला. वाळल्यावर वास राहत नाही. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. स्टोल वाळता वाळत नाही.

आता पुण्याच्या बहिणीसाठी बिनशिवणीचं जाकीट करतेय. ३५ टक्के आटणार हे धरून, ४८ सेंमी रुंदीसाठी प्लास्टिकचा साचा ७४ सेंमीचा कापलाय. काकी म्हणाल्या, ‘हें हत्तीक?’