रामा की चिंतामणी?

नवरात्राला आठवडा राहिला होता. अशा दिवसांत कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या मॅचिंग सेंटरांत पाय ठेवायला जागा नसते. तरी तिथले एक मामा दुकान पोरावर सोडून राजारामपुरीत आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आले. हातात दोन ब्लाऊजपीस.

"म्याडम, चष्म्याचं काय नाय ओ. बायका पीस परत आणाल्यात. तीस वर्षं नजरेनं शेड लावतोय, आन् आता रामा मागितला की चिंतामणी कापून देतोय."

रामा हिरव्याकडे झुकलेला, चिंतामणी निळा. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी. तक्त्यावर दोन्ही डोळे ६/६, म्हणजे नजर स्वच्छ. रंगदृष्टी तपासायची इशिहाराची ठिपक्यांची पुस्तिका त्यांनी धडाधड वाचली. एरवी मी 'रंगदृष्टी नॉर्मल' लिहून मोकळी झाले असते. पूर्वी तसं लिहिलेलंही आहे, आणि ते मला अजून टोचतं. १९१७ सालापासूनची ही पुस्तिका मुळात लाल-हिरव्याचा जन्मजात दोष पकडायला आहे. निळ्या-पिवळ्याचा घोळ तिच्यातून निसटतो. आणि पन्नाशीत नव्यानं आलेला घोळ जन्मजात कसा असेल? त्याला कारण असतंच.

कपाटातून डी-१५ काढली. पंधरा रंगीत टोप्या, एकीशेजारी तिच्या सर्वांत जवळची रंगछटा लावत जायचं. खिडकीशी उजेडात बसवून एकेक डोळा झाकला. मामा टोपी उचलत, परत ठेवत, कपाळ पुसत. दुकानात ठाण बघताच शेड सांगणारा हा माणूस. मला बघवेना. क्रमाच्या आकृतीवर रेघा मधूनच आडव्या गेल्या, थेट निळ्या-पिवळ्या अक्षाला धरून. उजव्या डोळ्यात जास्त.

निळा ओळखणाऱ्या शंकुपेशी एकूण शंकुपेशींच्या दहा टक्केही नसतात. त्यात डोळ्याच्या पडद्याला प्राणवायू भरपूर लागतो. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागल्या की पडद्यावर डाग दिसण्याआधीच ही पारख मंदावलेली सापडू शकते. पिवळसर होत चाललेला मोतीबिंदूही निळा खातो, म्हणून आमच्या डॉक्टरांनी आधी भिंग तपासलं. स्वच्छ होतं. बाहुली मोठी करून पडदा पाहिला, तिथंही ठळक काही नाही.

"मामा, शुगर कधी तपासलीय?"

"मला काय झालंय शुगर तपासायला?"

बोटाच्या थेंबाला २८६. रक्तदाब १६८/१००, थोडं बसवून पुन्हा घेतला तरी तेवढाच. रंगांच्या टोप्यांवरून मधुमेहाचं निदान होत नाही, त्याला रीतसर रक्ततपासणीच हवी. ते त्यांना नीट सांगितलं आणि फिजिशियनना चिठ्ठी लिहिली. नवरात्र झाल्यावर जातो म्हणाले. मी नाही म्हटलं. आजच. त्यांच्या पोराला फोन लावून, तो येईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं.

जाताना दोन्ही पीस माझ्या टेबलावर पसरले. आवाज खाली गेला होता.

"गिऱ्हाईक वाट बघालंय. यातला रामा कुठला, तेवढं सांगा."

मी तो उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला.