सीलंट ब्रशनं झिजतं का? माझ्या प्रबंधाचा अनुभव

"डॉक्टर, दाढांना सीलंट लावलंय, मग हिला ब्रश जरा कमीच करायला सांगू का? घासून निघून जाईल ना ते?" सहा-सात वर्षांच्या मुलीच्या आईनं विचारलं. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होते आणि प्रबंधाला विषय शोधत होते. तो मला तिथेच मिळाला.

सीलंट म्हणजे दाढेच्या माथ्यावरच्या खाचा बुजवणारा पातळ थर. मी रेझिनचं (लाइटनं कडक होणारं, प्लास्टिकसारखं) आणि ग्लास आयोनोमरचं (काचेची भुकटी आणि आम्ल मिळून घट्ट होणारं सिमेंट) असे दोन प्रकार घेतले. साच्यात 10 मिमी व्यासाच्या, 2 मिमी जाडीच्या चकत्या पाडायच्या, त्यांवर यंत्रानं ब्रश फिरवायचा आणि आधीचं-नंतरचं वजन ताडून बघायचं, एवढंच ठरवलं होतं.

पहिल्या खेपेला 10,000 फेऱ्या पूर्ण केल्या. साधारण वर्षभराचं घासणं म्हणून हा आकडा बऱ्याचदा धरतात. वजन केलं, तर रेझिनच्या चकत्या आधीपेक्षा जड! काटा तीनदा शून्यावर आणला, तरी तेच. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "घासण्याआधी पाण्यात भिजवल्या होत्यास का?" नव्हत्या भिजवल्या. रेझिन पाणी शोषतं. झीज झालीच होती, पण आत शिरलेल्या पाण्यानं ती झाकून टाकली होती. सगळी खेप बाद झाली. त्या रात्री मला रडू आलं होतं.

दुसऱ्या खेपेला चकत्या 37 अंशांच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये वजन स्थिरावेपर्यंत ठेवल्या. शिवाय नुसत्या वजनावर विसंबले नाही. अर्ध्या चकतीवर टेप लावली आणि झाकलेल्या व घासलेल्या भागांमधली पायरी प्रोफाइलोमीटर या उंच-सखलपणा मोजणाऱ्या यंत्राच्या सुईनं मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजली. ग्लास आयोनोमरला फार जपावं लागलं. ते कोरडं पडलं की केसासारख्या भेगा पडतात, त्यामुळे टिपकागदानं पाणी टिपायचं आणि लगेच मोजायचं.

आणखी एक गोष्ट हाताला जाणवल्यावर कळली. लाइटनं कडक केल्यावरही रेझिनचा अगदी वरचा थर बोटाला चिकट लागतो, कारण हवेतला ऑक्सिजन तो पुरता कडक होऊ देत नाही. तो कापसानं पुसून काढला नाही, तर पहिल्या थोड्या फेऱ्यांतच निघून जातो आणि झीज उगाच जास्त दिसते.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते पेस्टशिवाय घासलेल्या चकत्यांवर. नुसत्या पाण्यानं ब्रश फिरवला, तर पायरी जेमतेम कळत होती. पेस्टचं पातळ मिश्रण ओतलं की ती स्पष्ट दिसायची. घासण्याचं काम करतात पेस्टमधले सिलिकाचे किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे कण, ब्रश त्यांना फक्त फिरवतो. पेस्ट किती खरखरीत हे आरडीए या आकड्यावरून कळतं आणि आयएसओच्या मानकात त्याची कमाल मर्यादा 250 आहे. रेझिनपेक्षा ग्लास आयोनोमर जास्त झिजलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घासलेलं रेझिन पाहिलं, तेव्हा पावसानं माती वाहून गेलेला रस्ताच आठवला: मधलं मऊ रेझिन गेलेलं, त्यात मिसळलेले काचेचे कण खडीसारखे वर आलेले आणि काही निखळल्याचे खड्डे. अशा खरखरीत पृष्ठभागावर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, लवकर धरतो.

पण ही झीज मायक्रोमीटरमधली. काही महिन्यांतच सीलंटचा तुकडाच्या तुकडा निघाला, तर मी दोष ब्रशला देत नाही, लावतानाच्या ओलाव्याकडे बघते. 1955 साली बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्यांनी दाखवलं की आम्लानं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, खरखरीत केलं की रेझिन त्यात घट्ट बसतं. त्या खरखरीत इनॅमलला लाळ लागली, तर पकडच राहत नाही.

ती आई पुढच्या तपासणीला आली, तेव्हा मी सांगितलं, "ताई, ब्रश मुळीच कमी करू नका. दोन्ही वेळा, मऊ ब्रशनं, फ्लोराइडच्या पेस्टनं. दात पांढरे करणारी खरखरीत पेस्ट तेवढी नको. आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा, कुठे उघडं पडलं असेल तर परत लावू." मुलीनं तोंड उघडलं. चारही दाढांवर मी प्रोब फिरवून पाहिला. एकीच्या मागच्या खाचेत टोक अडकलं, तेवढी जागा कोरडी करून तिथे पुन्हा सीलंट भरलं.