अ‍ॅन्युलर कटर घेताना आणि चालवताना

एम२० (२० मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टसाठी २० मिलिमीटर जाडीच्या बेस प्लेटमध्ये, म्हणजे खांबाच्या तळाच्या प्लेटमध्ये, २२ मिलिमीटरचे भोक पाडायचे असेल, तर आजही अनेक फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत आधी १० चे, मग १६ चे आणि शेवटी २२ चे ड्रिल लावले जाते, आणि काम घाईचे असले की गॅसने भोक कापून कड ग्राइंडरने सारखी केली जाते. बोल्टपेक्षा भोक २ मिलिमीटर मोठे ठेवण्याची मुभा आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाने एम१६ ते एम२४ या बोल्टांसाठी दिलेली आहे. मात्र ती जुळणी सोपी व्हावी म्हणून आहे, वाकड्या भोकाला पोटात घालण्यासाठी नव्हे. ज्यांना रोज अशी भोके पाडावी लागतात, त्यांनी अ‍ॅन्युलर कटर नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

लाटलेल्या पोळीतून वाटीने पुरी कापावी, तसा हा पोकळ कटर फक्त कडेने कापतो आणि मधला गोळा अखंड बाहेर टाकतो. कारखान्यात त्या गोळ्याला स्लग म्हणतात. २२ मिलिमीटरच्या भोकाचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस मिलिमीटर भरते. कटरच्या भिंतीची जाडी ४ मिलिमीटर धरली, तर प्रत्यक्षात २२६ चौरस मिलिमीटरच कापावे लागते. ५० मिलिमीटरच्या भोकात हाच हिशेब १९६३ पैकी ५७८ असा येतो, म्हणजे तीस टक्क्यांहूनही कमी. शिवाय साध्या ड्रिलचे मधले टोक धातू कापत नाही, तो रेटून बाजूला सारते, आणि मोठ्या ड्रिलवर जोर द्यावा लागतो तो मुख्यतः त्यामुळेच. या कटरला मधले टोकच नसल्याने आधी लहान भोक पाडण्याची गरज उरत नाही आणि उचलून नेता येईल एवढ्या मशीनवरही मोठे काम होते.

माझे ठाम मत असे आहे की हा कटर लोखंडाच्या कडकपणाने क्वचित मरतो. तो मरतो थरथरीने आणि दातांखाली अडकलेल्या चिपने, म्हणजे कापलेल्या धातूच्या किसाने. म्हणून निवड करताना पहिला विचार मशीनच्या पकडीचा व्हायला हवा. हा कटर बहुधा मॅग्नेटिक ड्रिलवर, म्हणजे चुंबकाने कामाला चिकटून उभ्या राहणाऱ्या ड्रिल मशीनवर, लावतात. तिचे चुंबक जाड, सपाट आणि स्वच्छ पृष्ठभागावरच पूर्ण ताकदीने धरते. प्लेट १० मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तिच्यावर रंगाचा थर किंवा गंजाची पापुद्री असेल, किंवा चुंबकाखाली जुनी चिप राहिली असेल, तर पकड झपाट्याने घटते आणि मशीन कापताना केसभर सरकते. तेवढे सरकणे दात उडवायला पुरेसे असते. पातळ प्लेटच्या मागे, भोकाची जागा मोकळी ठेवून, चुंबकाच्या बरोबर खाली एक जाड प्लेट क्लॅम्प केली की फरक लगेच हाताला जाणवतो.

त्यानंतर शँक, म्हणजे कटरचा मशीनमध्ये बसणारा दांडा. आपल्याकडे सर्वाधिक चालते ती १९.०५ मिलिमीटरची वेल्डन शँक. तिच्यावर दोन सपाट बाजू असतात आणि मशीनचे ग्रब स्क्रू (डोके नसलेले आवळायचे स्क्रू) नेमके त्या सपाटीवरच बसवून आवळायचे असतात. स्क्रू गोल भागावर आवळला गेला तर कटर आत घसरतो आणि शँकवर चरे पडतात. कापण्याच्या खोलीच्या बाबतीत २५ आणि ५० मिलिमीटर हे नेहमीचे दोन प्रकार आहेत. ‘कधीतरी लागेल’ म्हणून सगळे कटर ५० चेच घेण्याची सवय मला पटत नाही. लांब कटर अधिक लवचिक असतो आणि महागही असतो, तर गसेट (सांध्यावरची जोडपट्टी) आणि बेस प्लेटची बहुतेक कामे २५ च्या आत आटोपतात.

साध्या स्ट्रक्चरल स्टीलसाठी एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचा, कटर पुरतो. कार्बाइडच्या दातांचा टीसीटी कटर कठीण पोलादावर आणि जास्त वेगावर टिकतो, पण धक्का सोसत नाही, त्यामुळे हलत्या मशीनवर महागडा टीसीटी लावणे हे पैसे पाण्यात घालणे आहे.

वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे: कापण्याचा वेग मीटरमध्ये घेऊन त्याला १००० ने गुणावे आणि व्यास गुणिले ३.१४ ने भागावे. साध्या पोलादावर एचएसएससाठी मिनिटाला २५ ते ३० मीटर धरले, तर २२ च्या कटरला ३६० ते ४३० फेरे येतात. स्टेनलेसवर याच्या निम्म्याहूनही खाली यावे आणि तिथे कटर नुसता घासत ठेवू नये, कारण घासलेला थर कडक होतो आणि पुढचा दात त्यावर बोथट होतो.

कटरच्या पोकळीतून मधोमध जाणारी पायलट पिन भोक पाडत नाही. ती सेंटर पंचच्या खुणेवर बसते, दाबली गेली की कूलंटला (थंड ठेवणाऱ्या द्रवाला) आत वाट देते, आणि शेवटी स्प्रिंगच्या जोराने स्लग ढकलते. खाच गोल पूर्ण होईपर्यंत हात हलका ठेवावा. नंतर मात्र एकसारखा दाब देऊन आरपार जावे. ड्रिलच्या सवयीने कटर वर-खाली केला, तर मोकळी झालेली चिप खाचेत उतरून दातांखाली चिरडते. डोक्यावर काम असताना टाकीतले कूलंट दातांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिथे कटरच्या आत कटिंग पेस्ट भरावी.

भोक झाल्यावर स्लग उचलून पाहावा, पण हातमोजा घालूनच, कारण तो चांगलाच तापलेला असतो. कड चकचकीत आणि रेषा एकसारख्या असतील तर सगळे ठीक आहे. कडेवर लाटांसारखे ठसे उमटले असतील तर मशीन हलते आहे. कड ओरबाडल्यासारखी असेल तर धार गेली आहे किंवा कूलंट आत पोहोचत नाही. चिपही बोलते: कूलंट चालू असताना एचएसएसची चिप निळी पडली, तर वेग जास्त आहे.

एकावर एक ठेवलेल्या दोन प्लेट एका दमात कापणे मी टाळतो. पहिल्या प्लेटचा सुटा झालेला स्लग दुसरीवर कटरबरोबर फिरू लागतो आणि पुढचे कापणे जवळजवळ थांबते. टाळणे शक्य नसेल, तर पहिला स्लग काढून मगच खाली उतरावे.

वीज गेली की विद्युतचुंबक त्याच क्षणी सुटते, हे आपल्या औद्योगिक वसाहतींत विसरून चालणार नाही. उभ्या कॉलमवर किंवा गर्डरखाली मशीन लावताना साखळी बांधल्याशिवाय स्विच दाबू नये, आणि खाली माणूस उभा राहू देऊ नये, कारण स्लगही तिथेच पडतो.

धार गेलेला एचएसएस कटर पुन्हा धारेला लावता येतो, पण सगळ्या दातांची उंची आणि कोन राखणाऱ्या फिक्स्चरवरच, म्हणजे कटर पक्का धरणाऱ्या साच्यावरच. बेंच ग्राइंडरवर हाताने धरून घासलेल्या कटरचे दोन-तीन दातच सगळा भार घेतात आणि पुढच्याच प्लेटमध्ये तुटतात.